आजाराला एकच धनी हवा का?

गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या पट्ट्यात आजार हटेनासा झाला की माणसं दोन दारी जातात, डॉक्टरच्या आणि देवाच्या. मांडवीकाठच्या आमोण्यात ते दुसरं दार बेताळाचं. गाऱ्हाणं घालून कौल मागायचा ही या मुलुखाची जुनी रीत आहे. मूर्तीला लावलेली उजवीकडची पाकळी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. आजाराविषयीचा प्रश्न बहुधा एकाच ठशाचा असतो: हे कुणाचं नडलं? पूर्वजांचं, मागल्या जन्मीचं, की सुनेबरोबर तिच्या माहेरून आलं? आता डॉक्टरकडेही हाच प्रश्न नव्या शब्दांत विचारला जातो, की नेमकं कुठलं जनुक बिघडलंय? देवाला शरण जाणं मला समजतं, डॉक्टरला विचारणंही रास्त आहे. पण दोन्हीकडचा प्रश्न आजाराला एकच धनी असतो असं आधीच धरून चालतो, आणि मधुमेह, हृदयरोग, संधिवात यांसारख्या आजारांत ते गृहीतकच टिकत नाही.

एकटं निरुपद्रवी असलेलं दुसऱ्याच्या जोडीनं परिणाम घडवतं, हे आनुवंशशास्त्राला आरंभापासून ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी स्वीट पी या फुलझाडाच्या पांढऱ्या फुलांच्या दोन वाणांचा संकर केला, तर सगळी रोपं जांभळ्या फुलांची निघाली. पुढच्या पिढीत जांभळी आणि पांढरी ९ ला ७ या प्रमाणात आली. जांभळा रंग एकाही वाणात नव्हता. दोन जनुकं एकत्र आल्यावर तो उमटला. मग तो कुणाकडून आला, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? माणसाच्या आजारातलं चांगलं तपासलेलं उदाहरण अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचं आहे. या दुखण्यात तरुण वयातच कणा आखडत जातो. त्याचा एचएलए-बी२७ या जनुकप्रकाराशी घट्ट संबंध आहे, तरीही बी२७ असलेल्या बहुतेकांना तो आजार होत नाही. २०११ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात ईआरएपी१ या दुसऱ्या जनुकाचा परिणाम फक्त बी२७ असलेल्यांत दिसला, नसलेल्यांत दिसला नाही. याचं कारण पेशीच्या कामकाजात सापडतं. ईआरएपी१ प्रथिनांचे तुकडे कातरून योग्य लांबीचे करतं आणि बी२७ ते तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर नेऊन रोगप्रतिकारक पेशींपुढे धरतं. एकाच्या कामाचा माल दुसऱ्याच्या हाती जातो, तेव्हा दोष निम्मा-निम्मा वाटून देणंही जमत नाही.

अशा जोड्या शोधायला संगणक लागतो, कारण आकडे अफाट आहेत. जनुकसंचातल्या ५ लाख जागा तपासल्या तर त्यांच्या सुमारे १२,५०० कोटी जोड्या होतात. २००१ साली मेरिलिन रिची, जेसन मूर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात वापरलेली पद्धत समजायला सोपी आहे. प्रत्येक जागी तीन प्रकार संभवतात, म्हणून दोन जागांचा नऊ घरांचा तक्ता होतो. प्रत्येक घरात आजारी किती आणि निरोगी किती ते मोजायचं, घरांवर जास्त धोका किंवा कमी धोका अशी खूण करायची, आणि हा तक्ता आधी न पाहिलेल्या माणसांवर खरा उतरतो का ते बघायचं. पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. आजारी-निरोगी या चिठ्ठ्या मुद्दाम पिसून पुन्हा वाटायच्या, तोच शोध हजारदा करायचा, आणि निव्वळ योगायोगानं इतकी ठळक जोडी किती वेळा हाती लागते ते पाहायचं. आपल्याला दिसलेल्या मेळावर आपणच असा संशय घ्यायचा ही शिस्त कौल मागणाऱ्यानंही घ्यावी, असं मी मनापासून म्हणेन.

यावर जाणकार हरकत घेतील की जाहीर झालेल्या अनेक जोड्या दुसऱ्या लोकसमूहात टिकल्या नाहीत, आणि बहुतेक गुणांत जनुकांचे छोटे परिणाम नुसते एकमेकांत मिळवले तरी बराचसा हिशेब लागतो. हे खरं आहे. पण छोट्या-छोट्या शेकडो परिणामांची बेरीज म्हटली तरी एकटा धनी उरतोच कुठे? दुसरी हरकत श्रद्धाळूंची: हा मेळ जुळवून आणणारं कर्मच आहे. असं म्हणता येतं, पण मग कर्माकडे बोट दाखवून अमक्याचंच पाप असं ठरवता येत नाही. धर्मपरंपरेलाही हे नवं नाही. गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगतो, दैव त्यांतलं एक. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी ज्या पाली वाङ्मयाला आयुष्य वाहिलं, त्यातल्या सीवक सुत्तात बुद्ध वेदनेची आठ कारणं देतात. पित्त, कफ आणि वात यांच्यानंतर सन्निपात, म्हणजे त्यांचा मेळ, येतो. पुढे ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, आघात, आणि शेवटी कर्मविपाक. सगळं पूर्वकर्मामुळेच होतं म्हणणारे चुकतात, असं ते स्पष्ट सांगतात. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी १९४४ साली गुणसूत्रांवरची अंतरं काढायचं सूत्र मांडलं. गुणसूत्र एका जागी तुटून जुळलं की शेजारी तसं घडण्याची शक्यता घटते, हे त्यांनी हिशेबात धरलं. शेजार-शेजारच्या घटना एकमेकींपासून सुट्या मानायच्या नाहीत, हाच तो विचार.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का? आहे, पण ती पुढची आहे. खाणं, औषध, तपासणी, आजाऱ्याची शुश्रूषा यांवर आपला हात चालतो. जनुकांच्या वाटणीवर कुणाचाच चालला नव्हता. एकाच जनुकाच्या बिघाडानं होणारे आजार आहेतच, आणि तिथे कारण नेमकं सांगायला हवं. पण त्यांतल्या थॅलेसेमिया मेजरमध्येही मुलाला सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडून मिळालेली असते. तेव्हा आमोण्यात असो वा पुण्यात, घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर डॉक्टरला दोन्ही घराण्यांचा इतिहास सांगा, देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण त्या गाऱ्हाण्यात सुनेचं माहेर आणू नका.