कर्त्या माणसांची शाळा

१५२८ च्या अखेरीस जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या पाहत फिरले. लोकांना दहा आज्ञा ठाऊक नव्हत्या. काही पाळकांनाही नव्हत्या. ते कळवळले. १५२९ मध्ये त्यांनी प्रश्नोत्तरांची लहानशी पुस्तिका काढली आणि घरातल्या कर्त्या माणसांच्या हाती दिली: घरीच शिकवा, मुलांना आणि गड्यांनाही. स्वतः धर्मशास्त्राचे पंडित असूनही तोच पाठ ते रोज सकाळी म्हणत.

आपल्या वऱ्हाडात १९५३ मध्ये यवतमाळला पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. पण अकोला-अमरावतीच्या घरांतलं शिकणं कोणी उचलून नेलेलं नाही. ते आपणच थांबवतो. संडे स्कूल म्हणजे मुलांचं, असं धरून चालतो आणि बाप्तिस्म्याच्या वर्गानंतर पुस्तक मिटतो. याचं मला फार वाईट वाटतं. नापिकी, कर्ज, आईबापांचं आजारपण हे सगळं चाळिशीत समोर येतं. विश्वासाचे खरे प्रश्न तेव्हाच पडतात.

येत्या रविवारी उपासनेनंतर मोठ्यांचा वर्ग भरवा. आजीला बोलवा, नव्या जोडप्यांनाही बोलवा. सुरुवात प्रभूच्या प्रार्थनेपासून करा, एका वेळी एकच ओळ घेऊन.