इस्त्री केलेला शोधनिबंध

आपल्याकडचा संशोधक पेपर दोनदा लिहितो. एकदा प्रयोगशाळेत किंवा शेताच्या बांधावर, मित्रांशी मराठीत बोलत बोलत. दुसऱ्यांदा इंग्रजीत, गाइडच्या लाल शाईच्या धाकात. या दुसऱ्या लिखाणाची किंमत तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मोजली. आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांच्या त्या पाहणीत दिसलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना पेपर लिहायला ५१ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ लागतो, आणि निव्वळ इंग्रजीपायी त्यांचे पेपर अडीच पटींहून जास्त वेळा नाकारले जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा तालुक्याच्या कॉलेजातून पीएचडी करणाऱ्याने सुटकेचा श्वास सोडला असेल, तर त्याला नावं ठेवायला मी तरी धजणार नाही. भाषा तपासून देणाऱ्या कंपन्यांना पैसे मोजून हेच काम पूर्वीही होत होतंच. ऐपत असलेल्यांचं.

नियतकालिकांनी नियम लवकर केले. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ने सांगितलं, की यंत्राला लेखक म्हणून नाव देता येणार नाही आणि वापर केला असेल तर तो पेपरात नोंदवावा. मे महिन्यात वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही तीच भूमिका घेतली. चूक निघाली तर जाब कुणाला विचारायचा, हा साधा व्यवहार त्यामागे आहे. यंत्राचं लिखाण पकडणाऱ्या प्रणालींवर मात्र भिस्त ठेवू नये. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या टोफेल परीक्षेचे, म्हणजे माणसांनीच लिहिलेले, ९१ निबंध अशा सात प्रणालींना दाखवले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले! साधं, बेताच्या शब्दांतलं इंग्रजी लिहिणं हाच पुरावा झाला.

खरी गोम पेपरच्या आत, एकेका वाक्यात आहे. समजा, दापोलीकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने भाताच्या एका वाणावर नवी खतमात्रा देऊन पाहिली. एकच हंगाम, एकच जागा, तीन पुनरावृत्त्या. उत्पादन वाढलेलं दिसलं, पण फरक सांख्यिकीच्या चाचणीत उतरला नाही. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की या जमिनीत यंदा उत्पादन थोडं जास्त आलं, पुढच्या हंगामात पुन्हा बघायला हवं. ‘जरा नीट करून दे’ म्हटल्यावर यंत्राकडून असं वाक्य येऊ शकतं: नव्या खतमात्रेमुळे भाताच्या उत्पादनात ‘सिग्निफिकंट’ वाढ होते. व्याकरण चोख. ‘या जमिनीत’ गेलं, ‘यंदा’ गेलं, आली होती ती वाढ आता कायमची होऊ लागली. आणि चाचणी पार केल्याशिवाय वापरायचाच नाही असा ‘सिग्निफिकंट’ नुसता शोभेला येऊन बसला. इस्त्री फिरली, सुरकुत्यांबरोबर शिवणही गेली.

हा माझा कल्पनाविलास नव्हे. उवे पीटर्स आणि बेंजामिन चिन-यी यांनी २०२५ मध्ये दहा भाषा-मॉडेलांनी केलेले ४,९०० सारांश मूळ संशोधनाशी ताडून पाहिले. माणसांनी लिहिलेल्या सारांशांच्या तुलनेत यंत्रांच्या सारांशांत सरसकट विधानं येण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. अचूक राहा असं बजावल्यावर ती कमी होण्याऐवजी वाढली. तिथे काम सारांशाचं होतं, इथे भाषा सुधारण्याचं. पण ओढ तीच असावी असं मला वाटतं.

यात एक क्रूर उलटा हिशेब आहे. ज्याचं इंग्रजी कच्चं, त्याला यंत्र सर्वांत जास्त लागतं; आणि वाक्यातून काय निसटलं, हेही त्यालाच सर्वांत कमी दिसतं. लंडनचा प्राध्यापक तो शोभेचा शब्द एका नजरेत खोडेल. आपल्या विद्यार्थ्याला मात्र ते वाक्य स्वतःपेक्षा हुशार वाटतं, म्हणून तो ते ठेवतो.

सगळा दोष यंत्राच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. नोबेल विजेते पीटर मेडावर यांनी १९६३ मध्येच, बीबीसीवरच्या भाषणात, शास्त्रीय पेपर हीच एक फसवणूक आहे का असा प्रश्न टाकला होता. पेपराचा साचा विचार प्रत्यक्षात कसा घडला ते लपवतो, हा त्यांचा आक्षेप. साचा इतका ठरीव होता म्हणूनच यंत्राला तो इतक्या झटपट जमला. शिवाय बढतीच्या गुणांसाठी छापून आणण्याची आपली सवय जुनी आहे. २०१८ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असल्याचं दिसलं. तिथे छापणाऱ्यांना ‘थोडं’ आणि ‘यंदा’ गेल्याचं दुःख कशाला होईल?

ज्यांना होईल त्यांच्यासाठी एक सूचना. हल्ली पेपराच्या शेवटी ‘भाषा सुधारण्यासाठी एआय वापरलं’ अशी एक ओळ टाकली की काम भागतं. त्या ओळीतून काहीच कळत नाही. कच्चे आकडे जसे पुरवणीत जोडतात, तसा ‘डिस्कशन’ विभागाचा यंत्राकडे जाण्याआधीचा मसुदाही जोडावा. मराठीत असला तरी चालेल, भाषांतर करून बघण्याची सोय आता रिव्ह्यूअरकडेही आहे. गाइडने दोन्ही मसुदे शेजारी ठेवून फक्त दाव्याची वाक्यं वाचावीत, स्पेलिंग बघत बसू नये. आपलं मोडकं इंग्रजी जगासमोर कसं ठेवायचं म्हणून विद्यार्थी आधी अंग चोरतील. पण त्या मोडक्या वाक्यात हंगाम एकच होता हे लिहिलेलं असतं, आणि रिव्ह्यूअरला नेमकं तेच हवं असतं.