दोन दारांमधले पाणी

शास्त्रपाठ : उत्पत्ति अध्याय ७, ओव्या १६ व १७



नोहाच्या तारवास वल्ही होती किंवा शीड होते, असे शास्त्र कोठे सांगत नाही. त्याचे दारही नोहाने लाविले नाही. ते परमेश्वराने लाविले. मग पाणी चढले, आणि ज्या पाण्यात जग बुडाले त्याच पाण्याने तारू वर उचलिले.

डहाणूच्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखलात बसलेली होडी दहा गड्यांनी खांदा दिला तरी हलत नाही. भरती आली म्हणजे तीच होडी सहज निघते. किनाऱ्यावरच्या मंडळीस हे सांगावयास नको. तलासरीकडील डोंगरपाड्यांवरच्या बंधूंसाठी लिहिले.

भरतीची वाट पाहावी लागू नये व कालव्यातून चढावरही जाता यावे, म्हणून मनुष्याने पाण्यास दारे बसविली. एक मोठा हौद बांधितात व त्याच्या दोन्ही टोकांस दारे ठेवितात. ह्यास लॉक म्हणतात; इंग्रजीत ह्याच शब्दाचा अर्थ कुलूप. मुंबईस १९१४ साली खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आताच्या इंदिरा गोदीच्या, तोंडाशी असा हौद आहे. लांबी ७५० फूट, रुंदी १०० फूट. त्याच वर्षी पनामाचा कालवा खुला झाला. तेथे अशा तीन पायऱ्यांनी जहाज समुद्रापासून सुमारे ८५ फूट उंच असलेल्या सरोवरात चढते.

जहाज हौदात येते आणि मागचे दार लागते. पुढचे तर बंदच असते. नव्या प्रवाशास वाटावे, आपण कोंडलो. इतक्यात खालच्या मार्गांची झाकणे उघडितात, आणि वरच्या सरोवराचे पाणी आपल्याच भाराने हौदात उतरते. त्यास पंप लागत नाही. दाराच्या दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून मिटलेल्या असतात, म्हणून त्या पाण्याचा भार जितका अधिक तितके दार घट्ट. बळाने ते उघडत नाही. दोन्हीकडचे पाणी एका पातळीस आले की ते शांतपणे उघडते. हे सर्व पाणी पावसाचे असते. २०२३ साली तेथे पाऊस कमी पडला, तेव्हा रोज सोडावयाच्या जहाजांची संख्या घटवावी लागली.

येथे थांबून ‘धीर धरा, पाणी चढेल’ असे म्हणणे सोपे आहे. आमच्याने ते होत नाही. डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांतील पुष्कळ तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रावर रेघ ओढलेली नसते. हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून बोट धरली जाते, आणि माणसे कराचीच्या तुरुंगात पडतात. अशा मुलाच्या आईस ‘हे दार देवाने लाविले’ असे सांगणारा उपदेशक आम्हांस नको. ते मनुष्यांनी लाविले आहे. आपल्या देशाच्या तुरुंगांतही तिकडचे कोळी आहेत, आणि त्यांनाही आया आहेत.

त्या तुरुंगासही दोन दारे आहेत. २००८ साली उभय देशांनी करार केला की, शिक्षा पुरी झाली व कैदी कोणत्या देशाचा ह्याची खात्री पटली, म्हणजे एका महिन्याच्या आत त्यास परत पाठवावे. दर १ जानेवारीस व १ जुलैस दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. १ जानेवारी २०२५ रोजी पाकिस्तानने दिलेल्या यादीत २१७ मच्छीमार होते, भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे. हे ‘समजले जाणारे’ शब्द वाचून आमच्या काळजात चर्र झाले. शिक्षा पुरी झालेलेही पुष्कळ जण आत राहिलेले आहेत.

शिक्षेचे दार आपल्या हाती नाही. ओळखीच्या दाराचे झाकण मात्र पाड्यावरच्या झोपडीत असते: शाळेचा दाखला, रेशन कार्ड, मतदाराचे ओळखपत्र. हे कागद छपरात खोचलेले असतात आणि पावसात भिजतात. म्हणून उपदेशक बंधूंनो, पावसाळ्याची मासेमारीबंदी उठून बोटी निघण्यापूर्वी घरोघर जा. प्रत्येक खलाशाच्या कागदांच्या प्रती काढून मंदिराच्या पेटीत ठेवा. बोटीचे नाव, तिचा नंबर, बंदर व मालक हे वहीत लिहा. घर ख्रिस्ती आहे की नाही, हे विचारू नका. तारवात चढलेल्या पशूंसही कोणी विचारले नव्हते.

२०२३ सालच्या मे व जून महिन्यांत सुमारे ४०० मच्छीमार अटारीच्या सरहद्दीवरून ह्या देशात आले. दार उघडते, हे त्यावरून दिसते. आपल्या पाड्यावर कोणाचे नाव दाखल्यावर एक व रेशन कार्डावर दुसरे असेल, तर ते आताच दुरुस्त करून घ्या. आणि तहसील कचेरीत त्यास एकट्यास पाठवू नका, बरोबर जा.