खुंटी आणि तराजू

दैव बलवत्तर कीं पुरुषकार बलवत्तर, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे कीं, त्यावर पुन्हां लेखणी उचलणाऱ्यानें वाचकांची क्षमा आधींच मागून ठेवावी हें बरें. अनुशासनपर्वांत युधिष्ठिरानें हाच प्रश्न भीष्मांना विचारला, आणि भीष्मांनीं त्याला ब्रह्मदेव व वसिष्ठ यांचा संवाद सांगितला. त्यांत पुरुषकाराला शेत म्हटलें आहे आणि दैवाला बीज. दोहोंचा संयोग झाला म्हणजे पीक येतें. हा दृष्टांत मीं वर्गांत पंचवीस वर्षें सांगितला. तो मला नीट कळला नव्हता, हें गेल्या दिवाळीच्या सुटींत इंग्लंडांतील एका कालव्याच्या कांठीं पांच तास बसल्यावर माझ्या ध्यानांत आलें.

माझी कन्या कॉव्हेंट्रीस असते. तिच्या शेजारच्या एका वृद्ध, निवृत्त कारागिराच्या संगतीनें मला तेथें मासे धरण्याचा नाद लागला आहे. लहानपणीं मालवणाकडे खाडीवर गरी टाकून बसण्याची संवय होतीच. तेव्हां नाद लागला म्हणण्यापेक्षां जुना उसळला म्हणणें अधिक खरें. या गृहस्थांनीं मला आपल्या मंडळाच्या सामन्यांत उतरविलें. जागा वॉरिकशायरमधील ग्रँड युनियन कालव्याची. निरनिराळे जुने कालवे एकत्र करून 1929 सालीं हा एक झाला. आतां त्यावर मालाची ने-आण जवळजवळ राहिलेली नाहीं, हौशी लोकांच्या लांबट, अरुंद नावा तेवढ्या फिरतात.

सामन्याची रीत अशी. कालव्याच्या कांठानें क्रमांकांच्या खुंट्या रोविलेल्या असतात. सकाळीं प्रत्येकानें एका पिशवींत हात घालून चिठ्ठी काढावयाची, आणि ज्या क्रमांकाची चिठ्ठी त्या खुंटीपाशीं आपलें बिऱ्हाड मांडावयाचें. शिट्टी झाल्यावर गळ पाण्यांत टाकावयाचा, पांच तासांनीं दुसरी शिट्टी होतांच काढावयाचा. मिळालेला मासा मारावयाचा नाहीं. जाळीच्या लांब पिशवींत पाण्यांतच जिवंत ठेवून शेवटीं तोलावयाचा व परत सोडून द्यावयाचा. (त्या मुक्या जीवाच्या ओठांत गळ अडकवून वर न्यायान्यायाची चर्चा करणें कितपत शोभतें, असें माझे एक जैन स्नेही विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि मी तो येथें टाळीत आहें हें कबूल करतों.)

त्या पिशवीभोंवतालचे चेहरे पाहण्यासारखे होते. कोणती खुंटी चांगली हें सर्वांना ठाऊक असतें. रांगेच्या टोंकाची चांगली, कारण एका बाजूस कोणी प्रतिस्पर्धी नसतो. नावा वळविण्यासाठीं जेथें पात्र रुंद केलेलें असतें ती चांगली. समोरच्या कांठावर झुडुपें पाण्यावर वांकलेलीं असतील तीही चांगली. मला सतरावी मिळाली. पात्र सरळ, समोर उघडी भिंत, आणि थोड्याच अंतरावर लॉक, म्हणजे नावा चढविण्या-उतरविण्याचें दुहेरी दारांचें कुंड. तें एकदां रिकामें झालें कीं सुमारें दोन लाख लिटर पाणी खालीं धांवतें. मग स्थिर दिसणाऱ्या कालव्याला ओढ लागते, तळचा गाळ उठतो आणि गळलेल्या पानांचा तांडा दोरीला येऊन गुंततो. माझी काठी अकरा मीटर लांब. ती मागें घेतांना पायवाटेवर आडवी येते, आणि त्याच क्षणीं कोठून तरी सायकलस्वार प्रगट होतो. वॉल्टननें 1653 सालीं या छंदाची शांति वर्णिली खरी. परंतु तो चिठ्ठी काढून बसलेला नव्हता.

पहिल्या दोन तासांत मला एक गजन मिळाला. हा मासा बोटाएवढा. एका खुंटीपलीकडचा मनुष्य मात्र दर पांच-सात मिनिटांनीं एक रुपेरी रोच वर काढी, तोंडावरची रेषाही न हलवितां. मी मनांत म्हणत होतों कीं, त्याची जागा मला मिळाली असती तर! येथें भीष्मांचा दृष्टांत मला उलटा दिसूं लागला. शेत माझें नव्हतेंच. तें पिशवींतून निघालें होतें. माझ्या हातचें होतें तें बीज: गळाचें आमिष, आणि मासे जमावेत म्हणून पाण्यांत टाकावयाचें खाद्य.

आणि त्या बीजाचें मीं काय केलें? तिसऱ्या तासाला मीं शेजाऱ्याच्या हाताकडे प्रथम लक्ष दिलें. तो चिमूटभर खाद्य टाकी, वाट पाही, पुन्हां चिमूटभर टाकी. मीं आरंभींच पांच-सहा गोळे एकदम फेंकले होते. थंड पाण्यांत मासा थोडेंच खातो. माझ्या दारचे मासे आले असतील तर जेवून निघून गेले असतील. तेव्हां माझा रिकामा हात कितपत खुंटीचा आणि कितपत माझा? हें मला तेव्हां सांगतां आलें नाहीं, अजूनही येत नाहीं. दैव आणि दोष हीं दोन वेगळ्या रंगांचीं सुतें असतीं तर उसवून पाहतां आलीं असतीं.

या लोकांनीं दैवाची धार बोथट करण्याची एक युक्ति काढली आहे. शेजारशेजारच्या दहा खुंट्यांचा एक गट करतात, आणि सर्वांत वजनदार माणसाखेरीज प्रत्येक गटांतील पहिल्यालाही बक्षीस देतात. वाईट टापूंत पडलेल्यानें वाईट टापूंतल्यांशींच तुलना करून घ्यावी, हा हेतु. परीक्षेचा पेपर अवघड निघाला तर आम्ही परीक्षक थोडे गुण वाढवितों, त्याच जातीचा हा उपाय. पण दहांतही सतरावी खुंटी ती सतरावीच.

परीक्षेचा विषय निघाला म्हणून सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझा एक विद्यार्थी बी. ए.च्या पेपरांतून तासाभरांत उठून बाहेर आला. जें वाचलें नव्हतें नेमकें तेंच विचारलें, माझें नशीबच फुटकें, असें तो माझ्या खोलींत येऊन सांगूं लागला. नशीब हा आळशांच्या कोशांतला शब्द आहे, असें मीं त्याला ऐकविलें. वाक्य मला फार आवडलें होतें. पुढेंही मीं तें अनेकांना ऐकविलें. तो मुलगा पुन्हां परीक्षेस बसला नाहीं. त्याच्या पेपरांत खरोखर काय विचारलें होतें, हें पाहण्याचें कष्ट मीं घेतले नव्हते.

दुसरी शिट्टी झाली तेव्हां माझ्या जाळींत दोन गजन आणि एक लहानसा पर्च होता. तिन्ही मिळून फार तर तीन औंस. तराजू घेऊन दोघे गृहस्थ खुंटीखुंटीला थांबत येत होते. आमच्या गटांतले तिघेजण केव्हांच सामान आंवरून गेले होते. असें करण्यास मुभा असते, यादींत त्यांच्या नांवापुढें 'तोलले नाहीं' इतकेंच येतें. माझ्या अलीकडे एक पोरगेलासा तरुण होता. त्याच्या जाळींत एकच मासा. त्यानें तो तराजूंत घातला, तोलणारानें "एक औंस" असें उच्चारलें, आणि लिहिणारानें तें लिहिलें. मघांच्या त्या रोचवाल्याचे सहा पौंड पुकारतांना तोलणाराचा जो आवाज होता, तोच याही वेळीं होता.

माझ्यापाशीं ते आले तेव्हां मीं मान हालविली आणि जाळी पाण्यांत उलटी केली.

तें मीं कां केलें? लाज हें एक कारण. पण तेवढेंच नव्हे. न तोललेल्या माणसापाशीं तक्रार शिल्लक राहते. तीन औंस कागदावर आले असते तर त्यांना कोणीतरी धनी लागला असता, आणि त्यांत मला आपला वांटा उचलावा लागला असता. न तोललें म्हणजे सर्व खुंटीवर ढकलून मोकळें होतां येतें. तासाभरांत उठून आलेल्या त्या मुलानेंही याहून निराळें काय केलें होतें? फरक इतकाच कीं, तो विशींतला होता, आणि त्याला त्या दिवशीं माझ्यासारखा मनुष्य भेटला.

रात्रीं जेवतांना नातीनें विचारलें, "आजोबा, किती मासे मिळाले?"

मीं सांगितलें, "तीन."

"किती वजनाचे?"

मीं ताटांतल्या भाताकडे पाहत राहिलों.