विचाराला वाचक हवा

एखाद्या मोठ्या प्रतिभेची उपेक्षा झाली असे वाचले, की आपण लगेच दोषी माणूस शोधू लागतो. कोणी मत्सर केला, कोणी दार अडवले, कोणी श्रेय लाटले? हर्मान ग्रासमान या जर्मन गणितज्ञाच्या चरित्रात असा माणूस सापडत नाही. ज्यांच्याकडून त्यांना नकार मिळाला ते सारे सज्जन होते, आपल्या विषयातले दिग्गज होते आणि आपापल्या परीने प्रामाणिकही होते. म्हणूनच हे चरित्र मला अधिक अस्वस्थ करते.

ग्रासमान यांचा जन्म १८०९ मध्ये स्टेटिन येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव श्चेचिन आहे. वडील युस्टुस तिथल्याच माध्यमिक विद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. बारा भावंडांतल्या या मुलाची बुद्धी लहानपणी मंदच वाटे. तो माळी किंवा कारागीर झाला तरी पुरे, असे वडिलांना वाटत होते. १८२७ मध्ये हर्मान बर्लिन विद्यापीठात गेले ते धर्मशास्त्र आणि प्राचीन भाषा शिकायला. तत्त्वज्ञ श्लायरमाखर यांच्या व्याख्यानांनी ते भारावून गेले. गणिताचे शिक्षण मात्र त्यांनी विद्यापीठात घेतलेच नाही. ते घरी परतल्यावर स्वतःच शिकले, आणि त्याचा आरंभ वडिलांच्या शालेय पुस्तकांपासून झाला.

दोन रेषाखंडांचा गुणाकार म्हणजे त्यांनी बनलेला आयत, असे वडिलांचे एक मत होते. मुलाने विचारले, ते दोन रेषाखंड काटकोनात नसतील तर? मग गुणाकार म्हणजे समांतरभुज चौकोन मानावा लागेल. त्यात दिशेचाही हिशेब धरला, तर गुणाकाराचा क्रम उलटताच उत्तराचे चिन्ह उलटते. एखाद्या रेषाखंडाला त्यानेच गुणले तर चौकोनाला क्षेत्रफळच उरत नाही, म्हणून उत्तर शून्य येते. शाळेत पाठ केलेल्या अंकगणितात यातले काहीच बसत नव्हते, तरीही हे गणित आतून पूर्णपणे सुसंगत होते. शिवाय लांबी, रुंदी आणि उंची या तीन मितींपाशी थांबण्याचे त्याला काही कारण नव्हते. चार, दहा, कितीही मितींच्या अवकाशात ते तसेच चालत होते. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सदिश अवकाश म्हणून जे शिकवतात, त्याचा गाभा तो हाच.

१८४० मध्ये शिक्षकपदाच्या वरच्या परीक्षेसाठी त्यांनी भरती-ओहोटीवर सुमारे दोनशे पानांचा प्रबंध लिहिला आणि त्यात ही पद्धत वापरून किचकट गणिते आटोपशीर केली. परीक्षकांनी त्यांना उत्तीर्ण केले, पण प्रबंधात नवीन काय आहे ते त्यांच्या ध्यानी आले नाही. तो प्रबंध छापला गेला १९११ मध्ये. १८४४ मध्ये ‘आउसडेनुंग्सलेअर’ म्हणजे विस्ताराचा सिद्धान्त हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गणितज्ञांना परिचित असलेल्या प्रश्नांऐवजी त्याची सुरुवात तत्त्वज्ञानाने होते आणि पानोपानी नव्या संज्ञा भेटतात.

थोर गणितज्ञ गाउस यांनी पुस्तक मिळाल्यावर सौजन्यपूर्ण पत्र पाठवले. अर्धशतकापूर्वी आपणही काहीशा अशाच वाटेने गेलो होतो, पण आता कामाचा व्याप फार आहे, असा त्याचा आशय होता. लाइपझिगच्या मोबियस यांनी परीक्षण लिहिण्यास असमर्थता कळवली. अखेर पुस्तकाचा परिचय लेखकालाच एका नियतकालिकात लिहावा लागला. लाइबनित्सच्या एका जुन्या कल्पनेवरील निबंधाला १८४६ मध्ये लाइपझिगच्या एका विद्वत्सभेचे पारितोषिक मिळाले खरे, पण तो निबंध समजावा म्हणून मोबियस यांना त्याला स्वतःचे विवरण जोडावे लागले. १८४७ मध्ये ग्रासमान यांनी विद्यापीठातल्या जागेसाठी शिक्षण मंत्रालयाकडे अर्ज केला. मंत्रालयाने कुमर या थोर गणितज्ञाचे मत मागवले. आशय चांगला पण मांडणी सदोष, असा त्यांचा अभिप्राय आला आणि विद्यापीठाचा विषय तिथेच संपला; ग्रासमान शाळेतच शिकवत राहिले.

कुमर यांच्या अभिप्रायात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. पुस्तक खरोखर दुर्बोध होते. पण जवळपास त्याच काळातले दुसरे उदाहरण पाहा. ऑक्टोबर १८४३ मध्ये डब्लिनच्या हॅमिल्टन यांना ‘क्वाटर्निअन’ या नव्या संख्या सुचल्या. त्यांचे लेखनही काही सोपे नव्हते. पण हॅमिल्टन आयर्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ होते, प्राध्यापक होते आणि तिथल्या विद्वत्सभेचे अध्यक्ष होते. पुढे एडिंबरोच्या टेट यांच्यासारखा कडवा अनुयायी त्यांना लाभला आणि त्याने क्वाटर्निअनवर पाठ्यपुस्तक लिहिले. दुर्बोध विचार असा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सोपा होतो. शिष्य तो शंभरदा समजावून घेतात, शंभरदा समजावून सांगतात, आणि त्या घासाघाशीतून त्याला कळण्याजोगे रूप येते. ग्रासमान यांच्यापुढे रोज मुलांनी भरलेला वर्ग बसत असे, पण हा सिद्धान्त ज्याच्यापुढे मांडावा असा एकही विद्यार्थी त्यात नव्हता.

दोष फक्त मांडणीचा नव्हता, हे ग्रासमान यांनी स्वतःच नकळत सिद्ध केले. त्यांनी सारे पुस्तक नव्याने लिहिले. तत्त्वज्ञान वगळले आणि व्याख्या, प्रमेय, सिद्धता असा युक्लिडचा साचा स्वीकारला. १८६२ मध्ये स्वखर्चाने त्याच्या तीनशे प्रती काढल्या. त्याकडेही कोणी ढुंकून पाहिले नाही. १८६४ च्या सुमारास पहिल्या पुस्तकाच्या सुमारे सहाशे न खपलेल्या प्रती प्रकाशकाने रद्दीत घातल्या.

आता दुसरी बाजू पाहू, कारण ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. गणितात यश येईना म्हणून ग्रासमान संस्कृतकडे वळले. ‘धा’ धातूचे द्वित्व होताना ‘धधाति’ न होता ‘दधाति’ होते, ‘भृ’चे ‘बभार’ होते. संस्कृतापुरता हा नियम पाणिनीने सांगितलाच होता. ग्रीकमध्येही असेच घडते हे ग्रासमान यांनी १८६३ मध्ये दाखवले आणि त्यावरून मूळ धातूंचे प्राचीन रूप उलगडले. भाषाशास्त्रात तो आजही ग्रासमानचा नियम म्हणून ओळखला जातो. पुढे त्यांनी ऋग्वेदाचा प्रचंड कोश सिद्ध केला आणि १८७६-७७ मध्ये ऋग्वेदाचा दोन खंडांत जर्मन अनुवाद केला. तो कोश वैदिक अभ्यासक आजही हाताशी ठेवतात. वैदिक संस्कृतचे पंडित रुडॉल्फ रोट जिथे शिकवत, त्या ट्युबिंगन विद्यापीठाने १८७६ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

माणूस तोच, शाळाही तीच, एकाकीपणाही तोच. तरी भाषाशास्त्राने त्यांना आपले म्हटले, कारण तिथे वाचक आधीच तयार होते. ऋग्वेदाच्या कोशाची गरज त्या अभ्यासकांना रोज भासत होती. गणितातल्या पुस्तकाची गरज भासावी असा माणूस अजून घडायचा होता.

तो पुढे घडला. हांकेल यांनी १८६७ मध्ये ग्रासमान यांचे महत्त्व ओळखले, क्लिफर्ड यांनी त्यांच्या बीजगणिताला पुढे नेले, आणि पेआनो यांनी १८८८ मध्ये ग्रासमान यांचे नाव शीर्षकात घालून सदिश अवकाशाची स्वयंसिद्धके मांडली. एली कार्तान यांनी त्याच गुणाकारावर आपली भूमिती उभारली. ग्रासमान स्वतः सप्टेंबर १८७७ मध्ये गेले होते. खऱ्या विचाराला अखेर न्याय मिळतोच, असा दिलासा यातून काढण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. याच काळात गिब्ज आणि हेविसाइड यांनी भौतिकशास्त्राच्या गरजेतून सदिशांचे गणित स्वतंत्रपणे उभे केले होते. म्हणजे जे १८४४ मध्ये छापून तयार होते, ते जगाने चाळीस वर्षांनी पुन्हा शोधले. या चाळीस वर्षांची भरपाई कोणत्याही स्मारकाने होत नाही. शिवाय ज्यांचे काम पुन्हा कोणी शोधलेच नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचलेलीच नाहीत.

म्हणून विद्यापीठातले आसन मला मानाची जागा वाटत नाही. ती विचाराला वाचक मिळवून देणारी जागा आहे, आणि तिथे बसणाऱ्यावर तेवढेच मोठे ऋण आहे. नव्या माणसाशी सौजन्याने वागणे सोपे असते. त्याचे बोजड भाषेतले लिखाण घेऊन महिनोन्‌महिने बसणे आणि त्यात तथ्य असेल तर ते चार जणांना समजावून सांगणे, हे कष्टाचे काम आहे. गाउस, मोबियस आणि कुमर यांच्यापैकी एकाने जरी हे कष्ट घेतले असते, तर एकोणिसाव्या शतकातल्या गणिताचा इतिहास वेगळा झाला असता. अर्जावर अभिप्राय लिहिताना, प्रबंध तपासताना, अनोळखी गावाहून आलेले टपाल उघडताना ज्याच्या हातात निर्णय असतो, त्याने अर्जदाराची मांडणी जोखण्याआधी आपण किती वाचले आहे, हे स्वतःला विचारायला हवे.