नित्यकर्म म्हणून वृक्ष: बालाघाटातील सामूहिक निर्मिती आणि पावित्र्याचा प्रश्न

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटाच्या ज्या पठारावर वसलेला आहे ते पठार जलविभाजक आहे, म्हणजे येथे पडणारा पाऊस कोणत्या उतारावर पडला यावर तो कोणत्या समुद्रवाहिनीला जाऊन मिळणार हे ठरते. मांजरा आणि सिंदफणा या नद्या याच परिसरात उगम पावून गोदावरीकडे वळतात, तर सौताड्याच्या कड्यावरून रामेश्वराच्या दरीत कोसळणारी विंचरणा सीनेच्या वाटेने भीमेला आणि शेवटी कृष्णेला मिळते. एवढ्या नद्यांना जन्म देणारा हा प्रदेश स्वतः मात्र अवर्षणप्रवण आहे. खाली काळा बसाल्टचा थर आणि वर मातीचे पातळ आवरण अशी त्याची रचना असल्याने पाणी थांबण्याआधीच उतरून जाते, आणि 2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटून लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा या उताराचे परिणाम किती दूर पोहोचतात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा भूमीवर माणसे एकत्र येऊन झाडे लावतात, बांध घालतात, त्या कामाला दिंडीचे, संमेलनाचे किंवा उत्सवाचे रूप देतात आणि उभ्या राहणाऱ्या झाडीला 'देवराई' असे नाव देतात, तेव्हा पर्यावरणशास्त्राच्या पलीकडचा एक प्रश्न उभा राहतो. तो असा की, पावित्र्य ही माणसांनी ठरवून, रचून, मिळून निर्माण करण्याजोगी गोष्ट आहे काय?

हा प्रश्न सोपा नाही, कारण देवराईची जुनी कल्पना याच्या नेमकी उलट आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखून ठेवलेले रान. तेथील लाकूड तोडायचे नाही, पुष्कळ ठिकाणी पडलेली फांदीही उचलायची नाही, आणि हा दंडक मोडणाऱ्याला देवतेचा कोप सोसावा लागतो अशी श्रद्धा असते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांवर 1976 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या रानांचे वनस्पतिशास्त्रीय मोल जगापुढे आणले, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते की ही राने कोणी लावलेली नव्हती, ती राखलेली होती. जुन्या देवराईतले माणसाचे कर्तृत्व 'न करण्यात' होते. पिढ्यानपिढ्या एका गावाने हात आवरून धरला आणि त्या आवरलेल्या हाताच्या सावलीत जंगल टिकले. नवी देवराई मात्र खड्डे खणून, रोपे आणून, पाणी घालून, आराखडा आखून केली जाते, म्हणून तिला जुने नाव देताना एका निषेधप्रधान संस्थेचे नाव कृतिप्रधान उपक्रमाला दिले जाते. हा केवळ शब्दाचा वाद मानून सोडून देणे योग्य होणार नाही, कारण नावाबरोबर जबाबदारीही येत असते.

बीड शहराजवळील पालवणच्या डोंगरावर वनविभागाच्या साहाय्याने उभा राहिलेला 'सह्याद्री देवराई' हा प्रकल्प या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे. अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकाराने येथे 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 रोजी वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद एका वडाच्या झाडाला देण्यात आले. मराठी समाजात संमेलन हा शब्द प्रथम साहित्याची आठवण करून देतो. अध्यक्षांची निवड, दिंडी, मंडप, परिसंवाद असा त्याचा दीड शतकाच्या परंपरेने घडलेला एक साचा आहे, आणि तो जसाच्या तसा उचलून त्याच्या केंद्रस्थानी माणसाऐवजी झाड ठेवणे ही खऱ्या अर्थाने कलाकृती आहे. सामूहिक कला असे जिला आज म्हटले जाते तिचे लक्षण हेच की, तिच्यात कलावंत वस्तू घडवत नाही, तो लोकांना परिचित असलेल्या एखाद्या रीतीची पुनर्रचना करतो आणि सहभागी झालेले सर्वजण त्या कृतीचे कर्ते होतात. अध्यक्षपदी बसलेला वड भाषण करत नाही, आणि त्याच्या त्या मौनामुळे सभेतल्या प्रत्येकाला आपण कोणापुढे बसलो आहोत याचा विचार करावा लागतो. पुढील काळात या डोंगराला वणवा लागल्याच्या घटनाही घडल्या. उन्हाळ्याआधी वाळलेले गवत आणि एक ठिणगी एवढे कारण त्याला पुरते, आणि संमेलन संपल्यानंतरच्या दीर्घ काळाचे काय, हा या लेखाचा मूळ प्रश्न तेथूनच सुरू होतो.

याच जातीच्या प्रयोगाचे युरोपातील प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतील कासेल या गावचे आहे. योझेफ बॉइस या कलावंताने 1982 साली तेथील 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात 7000 झाडे लावण्याचा संकल्प केला आणि बसाल्टचे 7000 खांब संग्रहालयासमोरच्या चौकात रचून ठेवले. प्रत्येक झाड लावताना ढिगातला एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा, म्हणजे काम पुढे सरकेल तसा ढीग कमी होत जाईल आणि नगराला आपले उरलेले कर्तव्य रोज डोळ्यांनी दिसत राहील, अशी ती योजना होती. बॉइस यांचे 1986 साली निधन झाले आणि शेवटचे झाड 1987 साली त्यांच्या मुलाने लावले. समाजालाच घडवण्याजोगी सामग्री मानणाऱ्या या विचाराला बॉइस 'सामाजिक शिल्प' म्हणत. मराठवाड्यातील वाचकाला यातली दगडाची जागा मुळीच अनोळखी वाटणार नाही. बालाघाटाचा कातळ हाही बसाल्टच आहे, आणि गावाच्या शिवेवर लिंबाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याशी त्याच कातळाचा एक तुकडा शेंदूर लावून ठेवला की तो म्हसोबा होतो आणि त्याच्यामागचे झाड सहसा कोणी तोडत नाही. कासेलमध्ये दगड झाडाची मोजदाद ठेवतो, तर येथे दगड झाडाची राखण करतो. बॉइस यांची रचना ऋणाच्या कल्पनेजवळ जाते आणि शेंदरी दगड अभयाच्या कल्पनेजवळ. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मोरांसाठी 1994 साली घोषित झालेल्या संरक्षित क्षेत्राला कायद्याच्या मराठीतही 'अभयारण्य' असेच म्हणतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण अभय देणे हे आपल्या परंपरेत मुळात धर्मकृत्य आहे.

माणसाने घडवलेल्या वस्तूत पावित्र्य येऊ शकते काय, या प्रश्नाला कर्मकांडाचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. पार्थिव पूजेत, म्हणजे मातीची मूर्ती किंवा लिंग करून केलेल्या पूजेत, हाताने मळलेल्या मातीत देवतेचे आवाहन केले जाते, प्राणप्रतिष्ठा होते आणि ठरलेल्या मुदतीनंतर विसर्जन करून माती पुन्हा मातीला दिली जाते. पोळ्याला केले जाणारे मातीचे बैल याच समजुतीचे घरगुती रूप आहे. येथे पावित्र्य वस्तूच्या द्रव्यात नसते, ते माणसांच्या संकल्पात असते, आणि संकल्प काढून घेतला की वस्तू निसर्गाला जशीच्या तशी परत मिळते. टिकाऊ रचनाशास्त्र आज ज्याला कचरा न उरणारी रचना म्हणते तिचे हे जुने उदाहरण आहे, मात्र मूर्ती खरोखर मातीची असेल तरच. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली 'पासोडी' पंचीकरण या विषयावर आहे. स्थूल पातळीवरचे प्रत्येक महाभूत अर्धे स्वतःचे आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चारही भूतांचा आठवा-आठवा अंश घेऊन बनलेले असते, असे पंचीकरणाचे सूत्र आहे, आणि वेदान्ताचे हे गणित कापडावर आकृत्यांसह मांडून दासोपंतांनी तत्त्वज्ञान डोळ्यांना दिसेल असे केले. मृद्संधारण, जलसंधारण आणि वनीकरण ही तीन वेगळी खाती आहेत असे मानणाऱ्या प्रशासनाने ती पासोडी एकदा उलगडून पाहावी, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

तरीही मातीच्या मूर्तीचा न्याय झाडाला सरळ लागू होत नाही. मूर्तीचे विसर्जन करता येते, झाडाचे करता येत नाही. ते लावल्या दिवसापासून वाढू लागते, मागू लागते, आणि त्याची मुदत लावणाऱ्याच्या आयुष्याहून मोठी असते. येथे मीमांसाशास्त्रातील कर्माचे भेद उपयोगी पडतात. एखाद्या निमित्ताने करावयाचे ते नैमित्तिक कर्म, फलाच्या इच्छेने करावयाचे ते काम्य कर्म, आणि संध्यावंदनासारखे रोज करावयाचे ते नित्य कर्म. नित्य कर्माचे वैशिष्ट्य असे की, ते केल्याने वेगळे पुण्य लाभत नाही असे पुष्कळ शास्त्रकार मानतात, परंतु ते न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, मात्र लागतो. रोप लावणे हे नैमित्तिक कर्म आहे. त्याला पाहुणे असतात, फलक असतो, छायाचित्र असते. फेब्रुवारी ते मे या काळात त्याच रोपाला पाणी घालणे, आळे नीट करणे, शेळ्या हाकलणे आणि गवत कापून जाळरेषा काढणे हे नित्य कर्म आहे, त्याची कोणी स्तुती करत नाही, आणि ते चुकले तर रोप मरते. लावणीचा दिवस कलाकृती म्हणून सुंदर करणाऱ्या बहुतेक उपक्रमांनी आपली सारी प्रतिभा नैमित्तिकावर खर्च केली आहे आणि नित्याला कोणतेच रूप दिलेले नाही, हा त्यांच्यावरचा खरा आक्षेप आहे. जुन्या देवराईचे पावित्र्य टिकले ते तिच्या वार्षिक जत्रेमुळे कमी आणि वर्षभर पाळल्या जाणाऱ्या निषेधामुळे अधिक.

धर्मशास्त्राने झाडे लावणे, विहिरी आणि तलाव खोदणे यांना 'पूर्त' म्हटले आहे. यज्ञादी 'इष्ट' कर्मांचा अधिकार ज्यांना नाकारला त्यांनाही पूर्ताचा अधिकार होता, आणि अशा कामाच्या शेवटी 'उत्सर्ग' नावाचा विधी सांगितला आहे, ज्यात कर्ता ती वस्तू सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून देतो आणि तिच्यावरचे आपले स्वामित्व संपवतो. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची विस्तृत चर्चा आहे. कल्पना उदात्त आहे, पण व्यवहारात 'सर्व' या शब्दाला समाजाने कुंपण घातले, आणि पाण्यावरचे ते कुंपण तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणून पावित्र्याच्या भाषेत पर्यावरण मांडणाऱ्या प्रत्येक सामूहिक उपक्रमाला विचारावे लागते की, त्याच्या समूहात कोण आहे आणि कोण नाही. ज्या देवराईत स्त्रियांना किंवा एखाद्या वस्तीला प्रवेश नाही, ती झाडांच्या दृष्टीने कितीही समृद्ध असली तरी तिचा उत्सर्ग झालेला नाही.

पाटोद्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी एका कारणाने तीव्र होतो. या तालुक्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायकोची जोडी, जिला 'कोयता' असेच म्हणतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. रोपाला सर्वाधिक जपावे लागते त्यातील बराचसा काळ गावात म्हातारी माणसे, लहान मुले आणि कुलुपे असतात. श्रमदान हा शब्द येथे जपून वापरायला हवा. दान म्हणजे एखाद्या वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडून दुसऱ्याचे निर्माण करणे, अशी शास्त्राची व्याख्या आहे, आणि ज्याचे श्रम उचलीपोटी आधीच गहाण पडले आहेत त्याच्याजवळ दान द्यायला ते उरलेलेच नसतात. परक्या शेतातला ऊस तोडण्यात ज्यांची कंबर गेली त्यांच्याकडून गावच्या डोंगरासाठी फुकट श्रम मागणाऱ्या योजनेत सहभाग असतो, पण न्याय नसतो. त्यांच्या पहाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच 1972च्या दुष्काळात देशापुढे ठेवली होती.

नित्य कर्माला रूप कसे द्यावे याचे उत्तर मात्र याच गावांजवळ तयार आहे. पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट ही संत भगवानबाबांची जन्मभूमी. त्यांच्या परंपरेतील नारळी सप्ताह दर वर्षी वेगळ्या गावी होतो आणि गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती ती उभ्याउभ्या दिली जाते, कोणी केव्हा उभे राहायचे याची यादी देवळाच्या भिंतीवर लावलेली असते, आणि मध्यरात्री दोन वाजताचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो तो तेव्हा उठून येतो. कोणीही पाहत नसताना, आळीपाळीने, यादीनुसार आणि चुकल्यास सर्वांना कळेल अशा रीतीने चालणारी ही व्यवस्था म्हणजे सामूहिक रचनेचा अत्यंत परिपक्व नमुना आहे. भजन थांबू नये म्हणून माणसांनी तो घडवला. कासेलच्या दगडांचा ढीग आणि देवळातली पहाऱ्याची यादी या दोन्ही गोष्टी उरलेले कर्तव्य दृश्य करतात, परंतु यादीत नावे असतात, आणि त्या नावांमुळेच पावित्र्याला संकल्पाच्या पलीकडचा देह मिळतो. पावित्र्य रचता येते. ते पाळी न चुकवता धरलेल्या वस्तूत उतरते, आणि वडाला अध्यक्ष करणाऱ्या कल्पकतेने आता ही पाळी आपल्या हाती घेतली पाहिजे.

बालाघाटातील ज्या गावांना येत्या मृगात माळावर रोपे लावायची असतील त्यांनी खड्डे खणण्याआधी पहाऱ्याची यादी करावी. तीत दसऱ्यापासून पुढच्या मृगापर्यंतचा प्रत्येक आठवडा असावा, ऊसतोडीला जाणाऱ्यांची नावे ते गावात असतील त्या महिन्यांपुढेच लिहिली जावीत, मागे राहणाऱ्यांच्या पहाऱ्याची मजुरी ग्रामसभेत आधी ठरावी, कोणतीही वस्ती वगळली जाऊ नये, आणि जितक्या रोपांना पहारेकरी मिळतील तितकीच रोपे लावावीत.