पूर्वसूचन, कारणता आणि कुंभाराचे गाढव

एखादी वस्तू अस्तित्वात आल्यानंतर तिचे पूर्वज शोधण्याची जी सवय आपल्या काळाला जडली आहे, तिच्याविषयी काही शंका प्रस्तुत लेखात मांडावयाच्या आहेत. तळहातावर मावणारा, बोटाच्या स्पर्शाने चालणारा दूरध्वनी घरोघर पोहोचला आणि पाठोपाठ जुन्या आराखड्यांचे उत्खनन सुरू झाले. व्हॅनेवार बुश यांनी १९४५ साली कल्पिलेले 'मेमेक्स', ॲलन के यांनी १९७२ सालच्या निबंधात लहान मुलांसाठी आखलेले 'डायनाबुक', ॲपल कंपनीने १९८७ मध्ये केवळ चित्रफितीतून दाखविलेला 'नॉलेज नॅव्हिगेटर', १९९४ मध्ये बाजारात येऊन लवकरच दिसेनासा झालेला आयबीएमचा 'सायमन' अशी एक वंशावळ आता रूढ झाली असून या सर्वांना 'काळाच्या पुढे असलेले' हे एकच विशेषण लावले जाते. साहित्याच्या अभ्यासकाला हे विशेषण परके नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांत ते इतक्या सढळपणे वापरले गेले आहे की, त्याच्या तात्त्विक पायाची चौकशी करण्याची गरजच कोणास भासलेली नाही.

मी ज्या शहरात अध्यापन करतो त्या सोलापुरात ही चौकशी टाळता येत नाही. येथील चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि भोक आहे की नाही यावर ताण्याचा कोणता धागा उचलला जाईल हे ठरते. जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास लियाँ येथे सिद्ध केलेली ही योजना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या 'ॲनॅलिटिकल एंजिन'साठी उचलली आणि ॲडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये त्या यंत्राची तुलना फुले-पाने विणणाऱ्या मागाशी केली. त्यामुळे 'संगणकाचा जन्म मागावर झाला' हे वाक्य आमच्याकडे संगणकशास्त्राच्या प्रत्येक उद्घाटनात ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. मात्र अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी भोकांच्या पत्त्यांवर चालणारे यंत्र बनविणाऱ्या हर्मन हॉलरिथ यांनी आपल्या कल्पनेचे मूळ सांगितले ते रेल्वेच्या तिकिटात, ज्यावर कंडक्टर भोके पाडून प्रवाशाचे वर्णन नोंदवीत असे. वंशावळ सरळ रेषेत उतरत नाही, हे एवढ्यावरूनही कळावे. आणि पूर्वभागातल्या कारखान्यात रात्रपाळीला उभा असलेला विणकर संगणकाचा पूर्वसूरी आहे असे म्हटल्याने त्याच्या वाट्याला नेमके काय येते, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात बसत नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. कार्य हे उत्पत्तीपूर्वी कारणात असते की नसते, या वादात सांख्यांनी सत्कार्यवाद स्वीकारला आणि नैयायिकांनी असत्कार्यवाद. सांख्यांच्या मते तिळात तेल असतेच, घाणा ते केवळ प्रकट करतो. नैयायिकांच्या मते घट हा नवा आरंभ आहे, मातीत तो नव्हता. 'काळाच्या पुढे' ही भाषा मूलतः सत्कार्यवाद्याची आहे. आजचा दूरध्वनी जुन्या आराखड्यात दडून बसलेला होता, इतिहासाने तो फक्त बाहेर काढला, असे ती गृहीत धरते. नैयायिक येथे एक अडचण उभी करील. उत्पत्तीपूर्वी घटाचा जो अभाव असतो त्याला तो प्रागभाव म्हणतो, आणि कोणताही अभाव त्याच्या प्रतियोगीच्या ज्ञानाशिवाय कळत नाही. ज्याला घट ठाऊक नाही त्याला घटाचा प्रागभावही ठाऊक नसतो. अर्थात १९७२ च्या आराखड्यात 'आजच्या वस्तूची चाहूल' ऐकू येते ती आजच्या कानाला. त्या काळी ती चाहूल नव्हती, एक स्वतंत्र प्रस्ताव होता. आँरी बर्गसाँ यांनी १९३० मध्ये शक्य आणि वास्तव यांच्या संबंधाविषयी लिहिताना याच निष्कर्षाच्या जवळ जाऊन म्हटले की, शक्यता वास्तवाच्या आधी उभी नसते, वास्तव घडल्यावर ते आपली प्रतिमा भूतकाळात मागे टाकते.

न्यायपरंपरेत याहून मार्मिक एक दृष्टांत आहे. माती वाहून आणणारे गाढव घटाच्या आधी असते, तरीही ते घटाचे कारण नाही. ते 'अन्यथासिद्ध' आहे. केवळ आधी असणे आणि कारण असणे यांत जो भेद या गाढवाने शतकानुशतके पाठीवर वाहिला, तो आमच्या वाङ्मयेतिहासकारांना अनेकदा पेललेला नाही. (यात मी स्वतःलाही धरतो. त्याचा कबुलीजबाब पुढे येईल.)

या भेदाची खरी कसोटी लागते ती मराठी माणसाच्याच एका चरित्रात. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ मध्ये मुंबईत झाला आणि मृत्यू १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेला इंग्लंडमधील स्पर्धेत बक्षीस मिळाले आणि ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजी यांनी त्यांच्या पाठीशी आपली प्रतिष्ठा व पैसा उभा केला. भिशांच्या शोधांची यादी वाचताना आजचा वाचक थक्क होतो. मुंबईच्या उपनगरी गाडीसाठी पुढचे स्थानक दर्शविणारे यंत्र, दुकानांसाठी विजेवर चालणारा जाहिरातफलक, स्वयंपाकघरातील उपकरणे, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप. लोकलच्या डब्यात आज 'पुढील स्टेशन' म्हणून झळकणारी अक्षरे पाहिली की, भिसे काळाच्या पुढे होते असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. 'हिंदुस्थानचा एडिसन' ही पदवी तर त्यांना हयातीतच चिकटली होती.

परंतु भिशांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे यांपैकी कशालाच दिली नाहीत. ती दिली 'भिसोटाइप'ला, म्हणजे छापखान्याचे खिळे पाडणाऱ्या यंत्राला. प्रचलित यंत्रांच्या कित्येक पट वेगाने खिळे पाडता येतील असा त्यांचा दावा होता. खिळे ओतण्याच्या धंद्यातील लंडनच्या प्रस्थापितांना तो खरा वाटेना. हेन्री हाइंडमन यांच्यासारखा समाजवादी पुढारी भांडवल उभे करण्यासाठी झटला, पण ते उभे राहिले नाही. भिसे हात हलवीत मुंबईस परतले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीतून रतन टाटा यांचे साहाय्य लाभले, 'टाटा-भिसे' या नावाने शोधांसाठी संस्था निघाली, काम पुन्हा सुरू झाले आणि महायुद्धाच्या काळात तेही विस्कटले. भिसे अमेरिकेस गेले. तेथे त्यांना आर्थिक स्थैर्य दिले ते आयोडीनच्या एका औषधाने. भिसोटाइप बाजारात रुजले नाही.

पूर्वसूचनेच्या निकषाचे दारिद्र्य मला येथे सर्वांत उघडे पडलेले दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाक्षरजुळणी आली, मागून संगणक आला आणि शिशाचा खिळाच मुद्रणातून निघून गेला. भिसोटाइपला वंशज नाही. ते कशाचीही चाहूल नव्हते. म्हणून आजच्या नजरेने भिशांकडे पाहणारा लेखक स्थानकदर्शक आणि जाहिरातफलक यांवर थांबतो व ज्या यंत्रासाठी त्या माणसाने वर्षानुवर्षे दारोदार हिंडून अपमान सोसले ते एका ओळीत उरकतो. भविष्याशी जुळणारे तेवढे निवडायचे आणि न जुळणारे गाळायचे, ही निवड बाह्यतः गौरवाची दिसते. प्रत्यक्षात ती त्या माणसाच्या स्वतःच्या हेतूला नगण्य ठरविते. ज्या फलकांचे कौतुक होते त्यांच्यापासून आजचे फलक उत्पन्न झाले, असे दाखविता येत नाही. त्यांचा संबंध सादृश्याचा आहे, कारणतेचा नाही. भिशांना आपण एडिसन म्हणून गौरवितो तेव्हा त्यांना नकळत कुंभाराच्या गाढवाची जागा देत असतो. उत्तरायुष्यात त्यांनी परलोकगतांशी संपर्क साधण्यासाठी केलेल्या टंकयंत्राचे तर कोणी नावही घेत नाही. त्याचे भविष्य अद्याप आलेले नाही, एवढाच त्याचा अपराध.

याच मोहाचे विकृत रूप शिवकर बापूजी तळपदे यांच्या कथेत पाहावयास मिळते. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडविले ही कथा मराठीत वारंवार सांगितली जाते. तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. तळपद्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिकशास्त्रा'ची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये केली. ही संहिता प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे आणि तीत वर्णिलेली याने उडू शकत नाहीत, असे त्यांना आढळले. तरीही २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. सत्कार्यवाद येथे दर्शन उरत नाही, मालकीहक्काचा दस्तऐवज होतो. जिज्ञासू, धडपड्या असा एक मुंबईकर कारागीर या कथेखाली पुरला गेला आहे, ही हानी मला त्या दाव्याच्या असत्यतेइतकीच गंभीर वाटते.

साहित्यविचारात या प्रश्नाला बोर्हेस यांनी १९५१ च्या एका छोट्या निबंधात वेगळे वळण दिले. काफ्काचे पूर्वसूरी परस्परांसारखे नाहीत, काफ्काने लिहिले नसते तर त्यांच्यातील साम्य आपणास दिसलेच नसते, म्हणून प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी निर्माण करतो, असे त्यांचे प्रतिपादन. हे प्रतिपादन नैयायिकाच्या प्रतियोगीविचाराला मानवणारे आहे. पण बोर्हेस यांचा निबंध वाचकाच्या आनंदाविषयी बोलतो, पूर्वसूरी ठरविल्या गेलेल्या माणसाविषयी नाही. ॲलन के हयात राहून आपल्या 'डायनाबुक'ची कीर्ती पाहू शकले, त्यामुळे त्यांना तक्रार करता आली. आजच्या सपाट पाट्या म्हणजे आपले डायनाबुक नव्हेत, कारण मुलाने त्यावर स्वतः रचना करावी, यंत्राचा कर्ता व्हावे हा मूळ हेतू त्यांत हरवला आहे, असे ते सांगत आले आहेत. आकार जुळला आणि हेतू गळाला. मृतांना अशी तक्रार करण्याची सोय नसते.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात मी एका विस्मृत कवीला नवकाव्याचा पूर्वसूरी ठरविले होते. त्याच्या शेकडो कवितांतून यंत्र, गिरणी आणि गर्दी यांच्या प्रतिमा असलेल्या चौदा कविता मी निवडल्या. उरलेल्या बहुतांश कविता भक्तिपर होत्या. त्यांना मी 'परंपरेचे अवशेष' म्हटले. परीक्षकांनी प्रशंसा केली. अनेक वर्षांनी ते संग्रह पुन्हा वाचताना लक्षात आले की, गिरणीच्या भोंग्याची ती प्रतिमा काकडआरतीच्या घंटेशी बांधलेली आहे, आणि भक्तिकाव्य वजा केले तर तो भोंगा केवळ आवाज उरतो. कवी त्या चौदा कवितांत माझी वाट पाहत नव्हता. मी त्याला माझ्या प्रबंधापुरता जन्माला घातले होते.

मग पूर्वसूचनेची भाषा टाकूनच द्यावी काय? इतके सोपे ते नाही. जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ मध्ये लिहिले गेले, दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि नाकारले गेले. ते प्रकाशित झाले १९७९ मध्ये. वि. ज. कीर्तने यांच्या १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे'पासून आधुनिक नाटकाचा आरंभ मानणाऱ्या इतिहासात त्याला जागा नव्हती. काटेकोर नैयायिक म्हणेल की, जे नाटक सव्वाशे वर्षे अप्रकाशित राहिले ते पुढील नाट्यपरंपरेचे कारण होऊ शकत नाही, सबब तेही अन्यथासिद्ध. तर्क निर्दोष आहे, आणि तरीही तो येथे मान्य करणे मला अशक्य वाटते. कारण हे नाटक परंपरेत उतरले नाही ते काही जणांनी ते उतरू दिले नाही म्हणून. स्वतः फुल्यांनी 'गुलामगिरी'त त्या नकाराची नोंद करून ठेवली आहे. कारणतेची साखळी जेथे तोडली गेली तेथे साखळीच नव्हती असा निवाडा देणे म्हणजे तोडणाऱ्याच्या बाजूने साक्ष देणे होय.

म्हणून भिशांचा आराखडा असो वा फुल्यांची संहिता, 'हे प्रथम होते काय' या प्रश्नाआधी 'हे कशासाठी रचले होते आणि कोठे अडले' हा प्रश्न विचारणे मला अधिक न्याय्य वाटते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने श्रेय वाटता येते, आणि श्रेय वाटणारा आपण त्या वारशाचे धनी होतो. दुसऱ्याच्या उत्तरात अनेकदा आपलेच पूर्वज कमिटीत बसलेले सापडतात. अर्थात सगळेच अपयश अन्याय नसते. भिसोटाइप सदोष होते की भांडवलाअभावी मेले, याचा निर्णय मुद्रणयंत्रांचा जाणकारच करू शकेल आणि त्यासाठी पेटंटची कागदपत्रे वाचावी लागतील. आमच्या विद्यापीठीय संशोधनाला गौरवग्रंथ लिहिणे त्याहून सोयीचे वाटते.

काही महिन्यांपूर्वी एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला जकार्डचा एक जुना पुठ्ठा आणून दिला. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. बॅबेजविषयी मी वर्गात बोललो होतो, त्याचा तो परिणाम असावा. कडा झिजलेल्या, तेलाने काळवंडलेल्या त्या पुठ्ठ्याकडे पाहून मी विचारले, ही कोणती नक्षी? त्याने ती वडिलांना विचारली होती. एका पुठ्ठ्यावरून सांगता येत नाही, एका पुठ्ठ्यात आडवा एकच धागा असतो, असे ते म्हणाले. हा काठाचा असावा, मोराच्या. बाकीची माळ रद्दीत गेली.